मासाको, मिनेको आणि इवासाकी घराणं

नोव्हेंबर 1949 मध्ये क्योटोत किमोनोवर चित्रं रंगवणाऱ्या एका कलाकाराच्या घरी मुलगी जन्मली. नाव मासाको, आडनाव तानाका. ही मुलगी पुढे इवासाकी मिनेको झाली. गिओन कोबू या वस्तीतली, तिच्या पिढीची सगळ्यांत नावाजलेली गेइको ठरली आणि तिशीच्या उंबरठ्यावर, बोलावणी ओसंडून वाहत असताना, घर बंद करून बाहेर पडली. एवढ्यावर भागलं असतं तर क्योटोबाहेर फार कुणाला याचा पत्ता लागला नसता. पण 2001 साली तिने अमेरिकेत एका कादंबरीकारावर दावा ठोकला आणि गिओनमध्ये जे कधी बैठकीच्या खोलीबाहेर बोललं जात नाही, ते वर्तमानपत्रांत छापून आलं.

गेशांवरचे बहुतेक लेख पांढऱ्या रंगवलेल्या चेहऱ्यापाशी सुरू होतात आणि तिथेच घुटमळतात. मला या प्रकरणात कुतूहल आहे ते हिशेबाचं. एक मुलगी पाचव्या वर्षी घर सोडते, चोवीस-पंचवीस वर्षं राबते, नाव कमावते. ते नाव शेवटी कुणाच्या खात्यावर जमा होतं?

आधी शब्द नीट लावून घेऊ. ‘गेशा’ हा टोकियोकडचा शब्द. क्योटोत पूर्ण तयार झालेल्या कलावतीला गेइको म्हणतात आणि उमेदवारी करणाऱ्या मुलीला माइको. टोकियोत उमेदवार मुलीला हानग्योकु म्हणत, म्हणजे ‘अर्धं रत्न’, कारण तिचा मेहनतानाही अर्धाच असे. क्योटोत अशा पाच वस्त्या आहेत: गिओन कोबू, गिओन हिगाशी, पोन्तोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन. मुली राहतात त्या घराला ओकिया म्हणतात. पाहुण्यांची बैठक जिथे होते ते ओचाया. नावात चहा असला तरी तिथे मुख्यतः साके, जेवण, गाणं आणि नाच. ओकियाची मालकीण ही सगळ्यांची ‘ओकासान’, आई. आधी पदार्पण केलेली प्रत्येक जण ‘ओनेसान’, ताई, मग ती वयाने लहान का असेना. वयापेक्षा पदार्पणाची तारीख मोठी.

कपाटातली मुलगी

तानाकांचं घर खालावलेल्या खानदानाचं. मुलं अकरा, डोक्यावर कर्ज. मिनेकोच्या थोरल्या बहिणींपैकी काही आधीच इवासाकी ओकियात गेलेल्या होत्या. मिनेकोने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार ती लहानपणी माणसांना बुजायची आणि कपाटात जाऊन बसायची. ओकियाची वयस्कर मालकीण दुसऱ्याच एका बहिणीची बोलणी करायला घरी आली, तिने ही मुलगी पाहिली आणि ठरवून टाकलं की घराला वारस मिळाली.

इथे ‘वारस’ हा शब्द महत्त्वाचा. ओकिया हा बायकांच्या हाती असलेला, आईकडून लेकीकडे जाणारा धंदा आहे, आणि लेक पोटची असायलाच हवी असं नाही. जिच्यावर भरवसा आहे तिला दत्तक घेतात. अशा मुलीला ‘आतोतोरी’ म्हणतात. मिनेको पाच वर्षांची असताना ओकियात राहायला गेली आणि दहाव्या वर्षी कौटुंबिक न्यायालयातून रीतसर दत्तक झाली. तानाका गेलं, इवासाकी आलं. मासाको तर आधीच गेलं होतं. नाव शुभ-अशुभ बघणाऱ्या ज्योतिषाकडून तिला मिनेको हे नवं नाव आणलेलं होतं.

बाकीच्या मुलींचा हिशेब वेगळा. ओकियात आलेली मुलगी सुमारे वर्षभर ‘शिकोमी’ असते. घरकाम, क्योटोची बोली, नाचाचे प्राथमिक धडे, रात्री उशिरा परतणाऱ्या ताईची वाट बघत जागणं. मग महिनाभर ‘मिनाराइ’, म्हणजे बैठकीच्या कोपऱ्यात बसून नुसतं बघायचं. मग ‘मिसेदाशी’, पदार्पण. या सगळ्या काळातला खर्च ओकिया करते: जेवण, शिकवणी, किमोनो, केसांतले अलंकार. त्या बदल्यात पाच-सहा वर्षांचा करार असतो, त्याला ‘नेन्की’ म्हणतात. तेवढी वर्षं मुलीला पगार नाही. हातखर्च मिळतो, पाहुण्यांची बक्षिसी मिळते, बैठकीची कमाई घराकडे जाते. करार संपला की ती थांबू शकते किंवा स्वतंत्र गेइको होऊन आपलं भाडं, आपले किमोनो, आपली कमाई असा संसार मांडू शकते.

वारस मुलीला हा करार नसतो. तिने काही फेडायचं नसतं, कारण घरच तिचं. वरवर बघता ही चैन वाटते. पण कराराला शेवटची तारीख असते. दत्तकपत्राला नसते.

सगळ्यांची बोलावणी एकाच मुलीला

युद्धापूर्वी मुली दहा-बारा वर्षांच्या असतानाच माइको होत. 1947 च्या शिक्षण कायद्याने नऊ वर्षांचं शालेय शिक्षण सक्तीचं केलं आणि माइको व्हायला मधली शाळा संपेपर्यंत थांबणं भाग पडलं. मिनेको या नव्या नियमातली. शाळा संपली आणि 1965 च्या वसंतात, पंधराव्या वर्षी ती माइको झाली.

माइकोचा वेश म्हणजे चालतं-फिरतं दप्तर आहे, वाचता आलं पाहिजे. पदार्पणानंतर पहिलं वर्ष फक्त खालच्या ओठाला लाली. गळपट्टी लाल, आणि वर्षं जातील तशी भरतकामाने पांढुरकी होत जाणारी. केस स्वतःचे, टोप नव्हे. आठवड्यातून एकदा बांधलेला अंबाडा मोडू नये म्हणून मान उंच लाकडी उशीवर ठेवून झोपायचं. केस वर ओढून बांधल्यामुळे टाळूवर लहानसा गोल विरळ होतो तो अनेकींना जन्मभर राहतो. डोक्यातली फुलं दर महिन्याला बदलतात, एप्रिलमध्ये चेरीचा बहर. सगळा साज अंगावर चढला की 15 ते 20 किलो भरतो. पाठीवर लोंबणारा ओबी, म्हणजे किमोनोचा कमरपट्टा, पाच मीटरहून लांब, इतका जड की तो बांधायला पुरुष लागतो. ओकियात वावरणारे जवळपास एकटे पुरुष हेच, त्यांना ‘ओतोकोशी’ म्हणतात. त्या ओबीच्या टोकाला ओकियाचं चिन्ह विणलेलं असतं. वाट चुकलेल्या लहान माइकोला कुठे पोचवायचं ते कळावं म्हणून, असं सांगतात. मुलीचं नाव कुठेच नाही, घराचं चिन्ह मात्र पाठीवर ठळक.

मुलीचं नाव दिसतं ते छोट्या कागदी चिठ्ठ्यांवर. माइको त्या पाहुण्यांना देतात, पाहुणे पैशांच्या पाकिटात चिकटवतात. ‘माइ-कोमु’ म्हणजे नाचत आत येणं. माइकोची चिठ्ठी पाकिटात असेल तर पैसा नाचत आत येईल, अशी ती शब्दाची गंमत.

गिओन कोबूमध्ये नाच शिकायचा तो इनोउए घराण्याचाच. दुसऱ्या कुठल्या शैलीला तिथे दार नाही. यामागे 1872 सालची गोष्ट आहे. राजधानी टोकियोला गेली आणि क्योटो ओसाड पडेल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा शहराने प्रदर्शन भरवलं आणि त्याच्या जोडीला ‘मियाको ओदोरी’ हा वसंतातला सामूहिक नाच सुरू केला. तो बसवला तिसऱ्या इनोउए याचियो यांनी. तेव्हापासून वस्ती आणि घराणं एकमेकांना बांधलेलं आहे. मिनेकोच्या काळात गादीवर होत्या चौथ्या याचियो. 1905 चा जन्म, 1955 साली ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सरकारी मान, आणि शिस्त अशी की चूक दिसली तर ‘ओतोमे’ एवढाच शब्द. म्हणजे थांब, निघ. पुन्हा बोलावणं येईपर्यंत शिकवणी बंद. मिनेको सांगते की तिलाही हा शब्द ऐकावा लागला होता आणि त्या धास्तीनेच ती अधिक कसून नाचायला लागली. आपल्याकडे ज्यांनी घराणेदार गुरूसमोर बसून गाणं शिकलं आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको.

आणि मग ती चमकली. तिच्याच सांगण्यानुसार सलग सहा वर्षं गिओनमध्ये सर्वाधिक कमाई तिची. रात्री एका बैठकीत काही मिनिटं, तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. झोप तीन-चार तास. कमाई मोजायची जुनी रीत उदबत्तीची: एक उदबत्ती जळेपर्यंतचा वेळ म्हणजे एक माप. आता घड्याळ आलं, तरी त्या रकमेला ‘हानादाइ’, फुलांचे पैसे, हाच शब्द आहे. पाहुणा बैठकीत पाकीट काढत नाही. ओचाया सगळ्यांचे पैसे भागवते, जेवण पुरवणाऱ्याचे, गेइकोंचे, गाडीचेसुद्धा, आणि पाहुण्याला बिल मागाहून पाठवते. म्हणून ओळखीशिवाय नव्या माणसाला प्रवेश नाही. याला उद्दामपणा समजणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ती साधी उधारीची पद्धत आहे: ज्याला ओळखत नाही त्याला वही कोण देणार? शिवाय या वहीत आकड्यांबरोबर गुपितंही असतात. मंत्री, कारखानदार, बँकवाले जिथे मोकळं बोलतात, तिथे ऐकणाऱ्या मुलीचं तोंड बंद असणं हेच घराचं भांडवल.

मिनेको तोंडाची मिठ्ठास नव्हती, हे तिच्या स्वतःच्या आठवणींतूनच दिसतं. ब्रिटनचे युवराज चार्ल्स क्योटोत आले असताना त्यांनी तिचा आवडता पंखा हातात घेतला आणि न विचारता त्यावर सही केली. सही मिळाली म्हणून दुसरी कुणी हरखली असती. हिने तो पंखा टाकून द्यायला सांगितला. हा किस्सा अनेक जण तिच्या अहंकाराचा म्हणून सांगतात. पण नाचणारीच्या हातातला पंखा हे तिचं हत्यार आहे. तबल्यावर कुणी पेनने सही केली तर तबलजी काय म्हणेल?

पांढरा भात

एकविसाव्या वर्षी ‘एरिकाए’ झाली, लाल गळपट्टी जाऊन पांढरी आली, मिनेको गेइको झाली. आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की पुढे जिनाच नाही.

तिची तक्रार काय होती ते नीट बघण्यासारखं आहे, कारण ती पुरुषांबद्दलची नाही. ती शिक्षणाबद्दलची आहे. मुली पंधराव्या वर्षी शाळा सोडतात. त्यानंतर वीस वर्षं नाच शिकतात, पण नाच शिकवण्याचा अधिकार देणं न देणं घराण्याच्या हाती. उत्तम नाचणारी गेइको बाहेर जाऊन चार मुलींना शिकवून पोट भरेल म्हणावं, तर ते बहुतेकींना जमत नाही. चाळिशीत, पन्नाशीत बोलावणी कमी झाली की तिच्याकडे ना पदवी, ना प्रमाणपत्र, ना दुसरा धंदा. एखादा ‘दान्ना’, आश्रयदाता मिळाला तर ठीक, किंवा छोटासा बार काढायचा. मिनेकोने हे वरिष्ठांपुढे मांडलं. सुधारणा मागितल्या. कुणी कान दिला नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ती साधी गेइको असती तर करार संपवून निमूट गेली असती. ती वारस होती. तिने जायचं म्हणजे इवासाकी ओकिया बंद करायची. ज्या घरासाठी तिचं नाव, आडनाव, आईबाप बदलले ते घरच. 1980 साली तिने ते केलं. आपण शिखरावर असताना गेलो तर हादरा बसेल आणि व्यवस्था जागी होईल, असा तिचा हिशेब होता. तिच्या सांगण्यानुसार पुढच्या तीन महिन्यांत सत्तर गेइकोंनी काम सोडलं. व्यवस्था मात्र होती तिथेच राहिली, आणि हे ती स्वतःच कबूल करते.

निवृत्तीचा विधी असतो, ‘हिकी-इवाइ’. आजवर ज्यांनी शिकवलं, सांभाळलं, त्यांच्या घरी वाफवलेला भात पाठवायचा. भात नुसता पांढरा असेल तर अर्थ असा की मी परत येणार नाही. त्यात लाल चवळीसारखे आझुकीचे दाणे मिसळले असतील तर दार थोडं किलकिलं आहे, न जाणो परत यावं लागेल. निरोपाची इतकी व्यवहारी भाषा मला दुसरीकडे कुठे आढळलेली नाही. मिनेको परत गेली नाही. 1982 साली तिने एका चित्रकाराशी लग्न केलं, मुलगी झाली.

आभाराचं पान

1997 साली आर्थर गोल्डनची ‘मेमॉयर्स ऑफ अ गेशा’ ही कादंबरी आली आणि जगभर खपली. लेखकाने त्यासाठी मिनेकोशी दीर्घ मुलाखती केल्या होत्या आणि आभाराच्या पानावर तिचं नाव घेतलं होतं. कुठल्याही लेखकाला हे सौजन्य वाटेल. मिनेकोचं म्हणणं होतं की नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवरच ती बोलली होती.

कादंबरीतली नायिका बापाने विकलेली आहे आणि ‘मिझुआगे’ म्हणून तिच्या कौमार्याचा लिलाव होतो. आभाराच्या पानावर एका खऱ्या गेइकोचं नाव असल्यावर वाचकाने काय समजावं? मिनेकोच्या म्हणण्याप्रमाणे गिओनच्या लोकांनी तिला वाळीत टाकल्यासारखं केलं, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. 2001 साली तिने करारभंग आणि बदनामी असे आरोप करून लेखक आणि प्रकाशकावर दावा लावला. गोल्डनचं उत्तर होतं की गुप्ततेची अट नव्हतीच आणि संभाषणाच्या ध्वनिफिती आपल्याकडे आहेत.

लिलावाच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. मिनेको ठामपणे सांगते की ‘मिझुआगे’ म्हणजे गिओनमध्ये केशरचना बदलण्याचा विधी: नवख्या माइकोचा अंबाडा जाऊन थोरल्या माइकोचा येतो, एवढंच. तिच्या बाबतीत हे खरं असण्यात शंका घ्यायचं कारण नाही. वेश्याव्यवसायविरोधी कायदा 1956 साली झाला, 1958 पासून त्यातल्या शिक्षा लागू झाल्या आणि ती त्यानंतर सात वर्षांनी माइको झाली. पण तिने स्वतःचा अनुभव सगळ्या गेशांचा इतिहास म्हणून मांडला, तिथे माझा तिच्याशी मतभेद आहे. मासुदा सायो ही नागानोकडच्या सुवा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातली गेशा, जन्म 1925. ती खरोखर विकली गेलेली होती. धड लिहिता-वाचताही येत नव्हतं, मोठेपणी अक्षरं शिकून तिने आपली हकिकत लिहिली, ती 1957 साली छापली गेली, आणि तिच्या मिझुआगेचा सौदा एकदा नव्हे, अनेकदा झाल्याचं त्यात आहे. गिओनच्या वारस मुलीचं आणि सुवाच्या विकलेल्या पोरीचं ‘गेशा’ हे नाव एक. बाकी काहीच एक नाही. गोल्डनने दुसरीसारखी गोष्ट पहिलीच्या पत्त्यावर पाठवली, असं मला वाटतं. कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असते. पण मग आभाराच्या पानावर कुणाचं नाव लिहितो याचा विचार त्याने करायला हवा होता.

खटला सुनावणीच्या टोकाला गेला नाही. 2003 साली दोन्ही बाजूंनी न्यायालयाबाहेर तडजोड केली. रक्कम जाहीर झाली नाही. दरम्यान 2002 साली मिनेकोने रँडी ब्राउन या अनुवादिकेच्या साथीने स्वतःची हकिकत इंग्रजीत छापली, स्वतःच्या नावाने. तिच्यावर टीका करणारे म्हणतात की गुपित फोडल्याची तक्रार करणाऱ्या बाईने मग तेच केलं. हे अर्धंच खरं आहे. पाहुण्यांची काही गुपितं तिने खरंच सांगितली. मात्र दहाव्या वर्षी न्यायालयात जाऊन घेतलेलं नाव तोवर आधी ओकियाच्या वहीत, मग परक्याच्या पुस्तकात वापरून झालं होतं, आणि वापरू द्यायचं की नाही हे तिला एकदाच, ध्वनिफितींच्या वादात, विचारलं गेलं.

आज

मिनेकोने मागितलेल्या सुधारणांपैकी काही गोष्टी वेगळ्या वाटेने आल्या. क्योटोतल्या पाचही वस्त्यांसाठी 1996 साली एक प्रतिष्ठान उभं राहिलं, ते परंपरा टिकवायला मदत करतं. दत्तक वारस आता दुर्मीळ. माइको व्हायला येणाऱ्या मुली क्योटोच्या कमी, बाहेरगावच्या जास्त, आणि घरच्या कर्जापायी आलेल्या नव्हेत तर किमोनो आणि नाच आवडतो म्हणून हट्टाने आलेल्या. बोली त्यांना नव्याने शिकवावी लागते. निदान तीन शब्द पहिल्या दिवशी: ‘ओओकिनी’, आभार, ‘सुन्माहेन’, माफ करा, ‘ओतानोमोशिमासु’, कृपा असू द्या. या तिन्हींत ‘नाही’ हा शब्द नाही, हे मला उगाच खटकतं.

नेन्कीचा करार मात्र तसाच आहे, पगाराविना. 2022 साली एका माजी माइकोने समाजमाध्यमावर लिहिलं की अल्पवयीन असताना तिला दारू प्यावी लागली आणि पाहुण्यांच्या अंगचटीला तोंड द्यावं लागलं. जपानमध्ये बराच गदारोळ झाला. कामगार कायदा माइकोला लागू होतो का, ती नोकर आहे की विद्यार्थिनी, यावर वकील बोलू लागले. ओकिया म्हणते ती लेक आहे. लेकीला कुणी पगार देतं का?

दरवर्षी 13 डिसेंबरला गिओन कोबूमधल्या गेइको आणि माइको इनोउए याचियो यांच्या घरी जातात. आता गादीवर पाचव्या याचियो आहेत. मुली ओळीने गुडघ्यांवर बसून वाकतात, ‘ओमेदेतोसान दोसु’ म्हणतात. गुरू प्रत्येकीच्या हातात नव्या वर्षाचा नवा पंखा ठेवते आणि म्हणते, ‘ओकिबारियासु’. मेहनत कर हो.